जुनं गॉस्पेल ब्लूज गाणं नव्याने बांधताना: पहिल्या गाण्यासाठी कामाच्या पायऱ्या

गॉस्पेल ब्लूजचं गाणं नव्याने करायला घेतलेला माणूस सहसा आधी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ, शोधतो. इथेच गाडी चुकते. या गाण्यांत कॉर्ड नावापुरते असतात, कधी कधी अख्खं गाणं एकाच कॉर्डवर उभं असतं. गाण्याला उभं ठेवते ती हाक आणि तिला मिळणारं उत्तर. गायक ओळ टाकतो, ती अर्धवट सोडतो आणि उरलेलं गिटार, टाळी किंवा मंडळी पूर्ण करतात. पोवाड्यात शाहीर आणि झीलकरी यांच्यात जी देवाणघेवाण चालते, तिच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे. ती राखली तर बाकी जवळजवळ सगळं बदलता येतं: ताल, वाद्यं, वेग, भाषासुद्धा. ती गेली की महागडा स्टुडिओ घेऊनही हाती एक गुळगुळीत कव्हर येतं.

शब्द देवाचे आणि वाजवायची पद्धत ब्लूजची, ही या प्रकाराची सोपी ओळख. १९२०च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण भागात रस्त्याच्या कोपऱ्यावर, चर्चच्या दारात गिटार घेऊन गाणारे बरेच कृष्णवर्णीय गायक होते आणि त्यांतले अनेक अंध होते. टेक्ससचा ब्लाइंड विली जॉन्सन हा त्यांतला पुन्हा पुन्हा नव्याने गायला गेलेला माणूस. १९२७ ते १९३० या काळात त्याने कोलंबिया कंपनीसाठी ३० गाणी ध्वनिमुद्रित केली, तेवढीच. पुढची सगळी मांडणी या तिसातल्या एका गाण्यावर करू: ‘इट्स नोबडीज फॉल्ट बट माइन’. ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलसमध्ये ते मुद्रित झालं.

हेच का? कारण त्याचे नवे अवतार समोर ठेवून शिकता येतं. अमेरिकन गायिका नीना सिमोनने १९६९ साली ते पियानोवर गायलं. लेड झेपलिन या ब्रिटिश बँडने १९७६ साली त्याचं अवजड रॉक केलं, बायबल वाचण्याचा विषय काढून सैतान आणि व्यसन आणलं, आणि श्रेय मात्र पेज आणि प्लांट या आपल्याच दोघांना दिलं. २०१६च्या ‘गॉड डोन्ट नेव्हर चेंज’ या जॉन्सनच्या गाण्यांच्या संग्रहात लुसिंडा विल्यम्सने ते गायलं. मूळ धरून चारही एका बैठकीत ऐका. वाद्यं वेगळी, काळ वेगळा, श्रद्धाही वेगळी. पण ओळीनंतरची मोकळी जागा चौघांनी सोडलेली आहे.

ऐकण्याचं काम, गिटार न घेता

सगळ्यात जुनं ध्वनिमुद्रण मिळवा आणि तेच धरा. नवं व्हर्जन ऐकून त्याचं नवं व्हर्जन केलं की दुसऱ्याने घेतलेले निर्णय नकळत आपले होतात.

कागदावर दोन रकाने करा: ‘आवाज’ आणि ‘उत्तर’. प्रत्येक ओळीसमोर आवाज किती मात्रा गातो आणि गिटार किती मात्रा बोलते ते लिहा. पायाने ठोका धरून मोजा. एक गोष्ट लगेच लक्षात येईल, ती म्हणजे जुन्या गायकांची आवर्तनं सारखी नसतात. कुठे चार मात्रा, कुठे पाच, कुठे सहा. एकटा माणूस गात असल्यामुळे श्वास संपला की ओळ संपते आणि गिटारचं म्हणणं संपलं की पुढची ओळ सुरू होते. आता ठरवायचं: हा वाकडेपणा ठेवायचा की चारात बसवायचा? एकटे वाजवणार असाल तर ठेवा. ड्रमर आणि बास असतील तर चारात बसवा, पण कापाकापी आवाजाच्या भागातून करा, उत्तराच्या भागातून नको. नवखे नेमकं उलटं करतात, कारण शब्द त्यांना महत्त्वाचे वाटतात आणि गिटारचा तुकडा ‘भरीचा’ वाटतो.

पट्टीवर विश्वास ठेवू नका. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या नेहमी बरोबर ७८च्या वेगाने मुद्रित झालेल्या नसत, आणि पुढे त्यांच्या नकला करतानाही वेग हलला. त्यामुळे गाणं अनेकदा दोन सुरांच्या मधल्या फटीत ऐकू येतं. आपली गिटार त्याला जुळवत बसण्यापेक्षा ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रणाचीच पट्टी थोडी वर-खाली करून गिटारशी जुळवा. उतरवून घेताना वेग ७० टक्क्यांवर आणा. त्याखाली गेलात तर स्लाइडचा, म्हणजे बोटात घालून तारांवर सरकवायच्या नळीचा, सूर फाटल्यासारखा ऐकू येतो आणि नसलेल्या जागा दिसायला लागतात.

या तबकडीची दुसरी बाजूही ऐका: ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’. नाव थॉमस हॉइस यांच्या १७९२च्या स्तोत्राचं, पण इथे शब्द एकही नाही. नुसता हुंकार आणि स्लाइड. जुन्या चर्चमध्ये एकाने ओळ सांगायची आणि मंडळीने ती लांबवत म्हणायची अशी पद्धत होती. इथे मंडळीची जागा गिटारने घेतली आहे. उत्तर म्हणजे काय हे यापेक्षा स्वच्छ कुठे ऐकू येणार नाही. जाता जाता: १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या सोनेरी तबकडीवर हे वादन आहे आणि त्याच्या लगेच आधी आहे केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. गोव्यातल्या केरीच्या बाई आणि टेक्ससचा जॉन्सन शेजारी शेजारी आहेत. दोन्ही पाठोपाठ ऐकले की मींड आणि स्लाइड यांचं नातं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गिटार लावणं

ओपन डी ट्यूनिंग करा, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की डीचा कॉर्ड वाजेल. जाड तारेपासून बारीक तारेकडे सूर असे: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. नेहमीच्या ट्यूनिंगमधून येताना सहावी तार एक पूर्ण सूर खाली, पाचवी आणि चौथी तशीच, तिसरी अर्धा सूर खाली, दुसरी आणि पहिली एकेक पूर्ण सूर खाली. कुठलीच तार ताणायची नाही, त्यामुळे तुटायची भीती नाही. प्रत्येक तार हव्या सुराच्या थोडी खाली उतरवा आणि मग वर आणून थांबा. वरून खाली येऊन थांबलात तर खुंटीतला ढिलेपणा तसाच राहतो आणि दोन मिनिटांत सूर उतरतो.

खरी अडचण ढिल्या तारांची. दुकानात मिळणारा १२ ते ५३चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) संच या ट्यूनिंगमध्ये सैल पडतो, स्लाइड तारेला फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, दाबते आणि खडखडाट होतो. १३ ते ५६चा संच घ्या. स्लाइडच जास्त वाजवणार असाल तर पहिल्या दोन तारा आणखी जाड घ्या, १५ आणि १८च्या आसपास. जाड तार नटच्या (मानेच्या वरच्या टोकाची पट्टी) खाचेत अडकते. खुंटी फिरवताना ‘टक्’ असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर हाच दोष. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासा. तेवढ्याने भागलं नाही तर खाच कानसून घ्यावी लागेल आणि ते काम दुरुस्ती करणाऱ्याचं.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पहिल्या तारेला साधारण अडीच मिलिमीटर आणि सहाव्या तारेला तीन मिलिमीटर असावी. गिटार एकच असेल आणि तिच्यावर बोटांनीही वाजवायचं असेल तर नटवर बसवायची उंच पट्टी मिळते, एक्स्टेन्शन नट म्हणतात तिला. तार सैल करून ती बसवायची, काम झालं की काढायची.

स्लाइड करंगळीत घाला. पितळेची किंवा काचेची, साधारण सहा सेंटीमीटर लांब, भिंत जाड. हलकी स्लाइड घेतलीत तर सूर टिकत नाही, मग आपण नकळत दाबतो आणि पुन्हा खडखडाट. सूर फ्रेटच्या बरोबर वर असतो, बोटाने दाबताना असतो तसा फ्रेटच्या मागे नव्हे. गिटारच्या बाजूने वाकून बघितलं की नजर चुकते आणि सूर उतरलेला लागतो; मान पुढे घेऊन सरळ वरून बघा. तपासायचं असेल तर बाराव्या फ्रेटवर तार हलकी स्पर्शून घंटेसारखा सूर काढा आणि मग तिथेच स्लाइड ठेवा. दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत.

स्लाइडच्या मागे तर्जनी आणि मधलं बोट तारांवर नुसती टेकलेली ठेवा. हे केलं नाही तर स्लाइडच्या मागची तारही वाजते आणि एक भुतासारखा दुसरा सूर मागे लागतो. सुरुवातीला आवाज घाण येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे आणि नवखा माणूस दोष स्लाइडला देतो.

अंगठा आणि उत्तर

उजव्या हाताचा अंगठा सहाव्या तारेवर चारही मात्रा देत राहतो. तळहाताची कड ब्रिजला (पेटीवर तारा टेकतात ती पट्टी) टेकवून तार अर्धी दाबा, म्हणजे ‘ढुम्’ असा बुटका आवाज येईल. गाणं सोडून नुसता हा अंगठा रोज दहा मिनिटं वाजवा. बोलत बोलत वाजवता आला की तयार झाला. तोवर गायला बसू नका, कारण ओळ अवघड झाली की अंगठा थांबतो आणि सगळं बसतं.

सुरांचं गणित सोपं आहे. डी हा सा धरा. गाणं बहुतेक सा, कोमल ग, म, प, कोमल नी या पाच सुरांत फिरतं. धानीचे सूर म्हणा हवं तर, पण धानी गायला बसू नका. कारण इथला ग ना कोमल ना शुद्ध. पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला कोमल ग आणि चौथ्याला शुद्ध ग; गाण्यातला ग या दोघांच्या मध्ये कुठेतरी, तिसऱ्याच्या केसभर पुढे राहतो. तोही स्थिर नसतो, वर जाताना चढतो आणि खाली येताना उतरतो. पियानोवर हा सूर नाही, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम किंवा लागोपाठ दाबतात. पूर्ण कॉर्ड हवाच असेल तर स्लाइड सगळ्या तारांवर आडवी ठेवा: पाचव्या फ्रेटला म, सातव्याला प, बाराव्याला वरचा सा. त्यांचा वापर जपून करा.

आता एक उत्तर जवळून बघू. आपण मराठीत ओळ घेऊ: ‘दोष कुणाचा नाही’. ती आवाजाने गायची आणि इथेच तोंड मिटायचं. ‘माझाच’ हा शब्द गिटारने म्हणायचा.

‘मा’: पहिली तार, दुसऱ्या फ्रेटपासून तिसऱ्याच्या केसभर पुढे घसरत या, दीड मात्रा.
‘झा’: स्लाइड उचला, तीच तार मोकळी वाजवा, अर्धी मात्रा.
‘च’: दुसरी तार, तिसऱ्या फ्रेटवर कोमल नी, तिथून पाचव्या फ्रेटच्या सा वर सरकत जा, दोन मात्रा.

चार मात्रांत शब्द पुरा झाला. आता हेच पंधरावीस वेळा म्हणा: आधी सगळं तोंडाने, मग ‘माझाच’ तोंडाने आणि गिटारने एकत्र, मग फक्त गिटारने. ‘झा’ लांब आणि ‘च’ आखूड हा बोलण्यातला फरक गिटारमध्ये थोडा उलटा झाला आहे, कारण शेवटी सूर टिकवायचा आहे. खटकत असेल तर ‘झा’ला एक मात्रा द्या आणि ‘च’ची दीड करा. ऐकणाऱ्याला तिसऱ्या वेळी गिटारमधून शब्द ऐकू यायला लागला पाहिजे. तसं होत नसेल तर उत्तरात सूर जास्त झाले आहेत. कमी करा.

काय बदलायचं

एका वेळी दोनच गोष्टी बदला. वेग आणि वाद्य, किंवा वाद्य आणि भाषा. सगळंच बदललं तर गाणं ओळखू येत नाही, आणि मग जुनं गाणं घेतलंच कशाला?

वेगाचा प्रयोग स्वस्त आहे, तो आधी करा. तेच गाणं मिनिटाला ६६ ठोक्यांवर आणि ९६ ठोक्यांवर गाऊन फोनवर मुद्रित करा. संथ केलं की गाणं प्रार्थनेकडे झुकतं, पण एक तांत्रिक भानगड होते: साध्या गिटारवर स्लाइडचा सूर दोन-तीन सेकंद टिकतो आणि ६० ठोक्यांना चार मात्रांचं आवर्तन पूर्ण चार सेकंदांचं असतं. उत्तर मध्येच विझतं. मग एक तर उत्तरात एखादा सूर वाढवा, किंवा इलेक्ट्रिक गिटार थोड्या डिस्टॉर्शनसह, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवून, घ्या, किंवा मागे हार्मोनियमचा सा धरून ठेवा.

ठोक्यासाठी ड्रम मशीनकडे लगेच जाऊ नका. १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा जमिनीवर टाका, खाली दुमडलेलं पोतं, आणि टाचेने ठोका द्या. हा तुमचा खालचा आवाज. वर टाळी, आणि ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपला हात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर पडायला सवकलेला असतो. चार जण टाळ्या वाजवायला बसवले की तिसऱ्या ओळीपर्यंत निदान एक जण पहिलीवर सरकतो आणि त्याच्यामागे बाकीचे. उपाय असा: पाय एक आणि तीनवर ठेवायला सांगा, म्हणजे हाताला दोन-चार सोडून जागाच उरत नाही. टाळीचे चार-पाच टेक घ्या, एक मीटरवरून, दोन मीटरवरून, खोलीच्या कोपऱ्यातून. ते संगणकावर एका रेषेत आणू नका. दोन-तीन शतांश सेकंदांचा मागेपुढेपणा असतो म्हणून ती माणसांची टाळी वाटते. सरळ केली की एकच मोठा फटाका ऐकू येतो.

मंडळी गाणार असतील तर तीन-चार जण पुरेत. सगळे एकाच सुरात, फार तर एक जण वरच्या तिसऱ्या सुरावर. त्यांनी उत्तर द्यायला गायकाची ओळ संपण्याची वाट बघायची नाही, शेवटच्या अक्षरावर चढायचं. शिस्तीत आळीपाळीने गायलं की जाहिरातीतलं जिंगल होतं.

आवाजाबद्दल एक कडक सूचना. जॉन्सनचा तो घशातून घासलेला खालचा आवाज कॉपी करू नका. तयारी नसताना तसं गायलं तर दोन दिवसांत घसा बसतो, आणि बसला नाही तरी ऐकायला नक्कल वाटते. कृष्णवर्णीय टेक्सन उच्चारांची नक्कल तर त्याहून वाईट. आपल्या पट्टीत, आपल्या उच्चारात गा. गिटारच्या मानेला कॅपो हा चिमटा लावून पट्टी वर घ्या किंवा सगळ्या तारा एक सूर खाली उतरवा.

शब्द मराठीत आणताना

हे कठीण आहे आणि इथे घाई करू नये. मूळ गाण्याचं म्हणणं असं: मला वाचता येतं, घरच्यांनी शिकवलं, तरी मी पुस्तक वाचलं नाही आणि माझा आत्मा हरवला तर दोष माझाच. पुस्तक म्हणजे बायबल. पण ‘वाचता येतं’ या शब्दांचं वजन लक्षात घ्या. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता. त्याला तेव्हा जेमतेम दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या. आणि गाणारा माणूस स्वतः आंधळा. झेपलिनने वाचणं काढून टाकलं तेव्हा गाणं दणदणीत झालं, पण हा थर गेला. तुम्हीही विषय बदलू शकता, फक्त काय काढतोय हे माहीत असू द्या. ज्यांच्या आज्यांना शाळा मिळाली नाही अशा घरांमध्ये ‘वाचता येतं मला’ ही ओळ मराठीतही पोकळ वाटणार नाही.

ख्रिस्ती आशय मराठी छंदात आणायचा तर वाट मळलेली आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, ओवी, भजन यांत तो आणला आणि आजही मराठी चर्चमध्ये त्यांची पदं गातात. मात्र अभंगाचा छंद या चालीवर जसाच्या तसा बसत नाही. इंग्रजी ओळ आघातावर चालते, मराठी ओळ ऱ्हस्व-दीर्घावर. म्हणून ठोका पडतो तिथे दीर्घ स्वर येईल असे शब्द निवडा: ‘दोष’, ‘माझा’, ‘नाही’ चालतात, ‘मुळी’, ‘फक्त’ तिथे गुदमरतात. हाकेची ओळ सात-आठ अक्षरांपेक्षा मोठी नको. आणि ओळीच्या शेवटी ‘आहे’ ठेवू नका. ‘आहे’ आलं की वाक्य पुरं होतं आणि गिटारला बोलायला काही उरत नाही.

मुद्रण आणि मिक्स

गाणं आणि गिटार एकाच वेळी मुद्रित करा. आधी गिटार, मग त्यावर आवाज असं केलं की उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि गायक त्याच्या मागे धावतो. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, फोन विमान मोडवर. भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या तरी पुष्कळ फरक पडतो.

माइक एकच असेल तर तोंड आणि गिटार यांच्या मधोमध, ५० ते ६० सेंटीमीटरवर, आणि तोल माइक वर-खाली करून साधा. दोन असतील तर गिटारचा माइक मान आणि पेटी जुळतात त्या जागेकडे रोखा, २० ते ३० सेंटीमीटरवरून. गिटारच्या भोकासमोर ठेवलात तर अंगठ्याचा ‘ढुम्’ सगळ्यावर फुगून बसतो. मुद्रणाचं सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील असं बघा. मेट्रोनोम कानात लावू नका. जुन्या गाण्यांचा वेग शेवटाकडे चढतो, तो थोडा चढू द्या. नंतर यंत्राचा ठोका हवाच असेल तर संगणकावर तुमच्या वादनाप्रमाणे वेगाचा नकाशा काढा आणि यंत्राला तुमच्या मागे चालवा.

मिक्समध्ये, म्हणजे मुद्रित आवाजांचा तोल जुळवताना, एक ठरलेली चूक होते. ‘अकूस्टिक गिटार’ नावाचं तयार सेटिंग लावलं की ते १०० हर्ट्झच्या खालचं कापतं. ओपन डीची सहावी तार वाजते ७३ हर्ट्झला. म्हणजे तुमचा अंगठाच कापला गेला. काप ५०-६०च्या वर नेऊ नका. रिव्हर्ब (घुमारा) एकच, खोलीचा, दीड सेकंदाच्या आत. उत्तराच्या जागेत आधीच्या ओळीची शेपटी पसरली तर ती जागा मोकळी राहत नाही. इलेक्ट्रिक गिटारवर ट्रेमोलो (आवाजाची थरथर) टाकणार असाल तर तो तालाशी बांधा: ९० ठोक्यांना एका मात्रेत तीन थरथरी हव्या असतील तर वेग ४.५ हर्ट्झ.

जुन्या मुद्रणातला आवाजच उचलून त्यावर नवं संगीत रचायचं असेल, जसं मोबीने १९९९ साली अलाबामाच्या व्हेरा हॉलच्या आवाजावर ‘नॅचरल ब्लूज’मध्ये केलं, तर क्रम उलटा धरा. आवाज हलवू नका, वाद्यं हलवा. खरखर सहा ते आठ डेसिबलपेक्षा जास्त कमी करू नका. त्यापुढे ‘स’ आणि ‘श’ पाण्याखाली बोलल्यासारखे ऐकू येतात.

हक्क आणि श्रेय

गाणं आणि त्याचं ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी रचना मोकळी होते आणि ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यावर ६० वर्षांनी. जॉन्सन १९४५ साली वारला, त्यामुळे इथे गायला अडचण येऊ नये. पण तुम्ही नेटवर टाकणार, म्हणजे अमेरिकेतही ऐकू येणार. तिथे १९२३ ते १९४६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाला १०० वर्षांचं संरक्षण आहे: १९२८ साली बाजारात आलेली तबकडी १ जानेवारी २०२९ला मोकळी होईल. १९५७ पासूनच्या, पण १५ फेब्रुवारी १९७२च्या आधीच्या मुद्रणांना संरक्षण १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत. तेव्हा जुन्या तबकडीचा तुकडा वापरायचा तर परवानगी घ्या. स्वतः गायचं असेल तर हा प्रश्न येत नाही.

‘पारंपरिक’ असं लिहिलेलं गाणं मोकळं असलं तरी त्याची एखादी विशिष्ट मांडणी कुणाच्या तरी मालकीची असू शकते. झेपलिनच्या १९७६च्या रिफवर (पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यावर) तुमचं गाणं उभं असेल तर ‘आम्ही मूळ १९२७वरून घेतलं’ हे चालणार नाही. सगळ्यात जुनं मुद्रण धरा असं सुरुवातीला सांगितलं त्याचं हे दुसरं कारण.

अपलोड करताना वर्णनात तीन ओळी टाका: मूळ गायक आणि मुद्रणाचं वर्ष, कोणत्या मुद्रणावरून काम केलं ते, आणि मग ‘नवी मांडणी’ म्हणून तुमचं नाव. मराठी शब्द तुमचे असतील तर ते वेगळे नोंदवा. मंडळीत कोण गायलं, टाळ्या कुणाच्या, हेही लिहा. नंतर आठवत नाही.